पोरांना धंदा सुरू करायला शिकवायचं म्हणजे वर्गात नक्की काय करून घ्यायचं?

शाहूपुरीचा_मास्तर

नमस्कार मंडळी. इथं धंदा करणारे, नोकरी करणारे, शिकवणारे सगळेच आहेत म्हणून विचारतोय, जरा लांबण लागंल पण वाचा. मी शिवाजी विद्यापीठाला संलग्न असलेल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो आणि या सेमिस्टरला उद्योजकतेचा पेपर माझ्याकडं आलाय. शेवटच्या वर्षाची साठेक पोरं-पोरी आहेत, निम्मी करवीर, पन्हाळा, राधानगरी, कागलकडनं एसटीनं येणारी, आणि त्यातली बरीचशी संध्याकाळी कुठं पेट्रोल पंपावर, कुठं मेडिकलमध्ये, कुठं हॉटेलच्या काउंटरला काम करतात. म्हणजे पैसा कसा येतो आणि कसा जातो हे त्यांना रोज दिसतं.

अडचण अशी की पेपरमध्ये आहे काय, तर उद्योजकाची व्याख्या, उद्योजकाचे गुण, शुम्पीटर नावाचा अर्थतज्ज्ञ काय म्हणाला, मॅक्लेलंड नावाचा मानसशास्त्रज्ञ काय म्हणाला आणि शेवटी एक प्रोजेक्ट रिपोर्ट. तो रिपोर्ट म्हणजे मिनरल वॉटर प्लांट नाहीतर पापड उद्योग, मागच्या बॅचच्या फायलीतनं उचललेला, आकडेसुद्धा तेच. पाच वर्षांचा नफा रुपये-पैशांत काढलेला असतो पण एकाही गिऱ्हाइकाशी कुणी बोललेलं नसतं. मग स्पर्धा होते, ज्याचं पीपीटी देखणं त्याला ट्रॉफी, आणि दुसऱ्या दिवशी तीच पोरं पोलीस भरतीच्या ग्राउंडवर. भरतीला जाणं वाईट म्हणत नाही मी, घरच्यांना खात्रीचा पगार हवा असतो आणि ते बरोबरच आहे. पण ज्या पाच-दहा जणांच्या डोक्यात खरंच काहीतरी घोळतंय त्यांना आपण वर्गातनं काय देतो, याचं उत्तर माझ्याकडं नाही आणि ते मला पाहिजे.

तर धंदा सुरू करणं शिकवता येतं का, येत असेल तर एका सेमिस्टरमध्ये काय करून घ्यावं, आणि ज्या घरात शिल्लक नाही त्या पोराला रिस्क घे हे मी कुठल्या तोंडानं सांगू? मनापासून विचारतोय.

---

उद्यमनगर_टर्नर

सर, तुमची कळकळ पोचली पण माझं मत सरळ सांगतो, धंदा कॉलेजात शिकवता येत न्हाई. धंदा करणाऱ्याजवळ बसायला लागतंय.

आपल्या कोल्हापुरातली इंडस्ट्री कशी उभी राहिली बघा. शाहू महाराजांनी १९०६ ला मिल काढली, शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली, राधानगरी धरणाचं काम काढलं. पाणी आलं, ऊस वाढला, गुऱ्हाळं वाढली, नदीचं पाणी उचलायला आणि घाणे फिरवायला इंजिनं आली, ती बंद पडायला लागली म्हणून दुरुस्त करणारे मिस्त्री तयार झाले, दुरुस्ती करता करता पार्ट मिळंना म्हणून पार्ट इथंच करायला लागले, मग अख्खं इंजिनच इथं व्हायला लागलं, आणि त्याला कास्टिंग म्हणजे ओतीव पार्ट पाहिजेत म्हणून फौंड्र्या. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले फाइव्ह स्टार एमआयडीसी जे काय चालालंय त्याच्या मुळाला हे दुरुस्तीचं काम आहे. म्हणून पोरांना तुझी आयडिया काय हे विचारूच नका. कुणाचं काय बंद पडतंय, कुणाची रोजची कटकट काय, आणि त्या कटकटीपायी तो आजच्याला किती पैसे घालवतोय, हे बघून या म्हणावं.

दुसरं म्हणजे कॉस्टिंग. माझ्या शॉपवर इंटर्नशिपला पोरं येतात, हुशार असतात, पण एका पीसला काय खर्च पडला विचारलं की मटेरियल अधिक मजुरी एवढंच सांगतात. मशीनचा तास, टूल, लाइट बिल, रिजेक्शन, टेम्पोभाडं, आणि मालकाचा स्वतःचा पगार हे धरतच न्हाईत, मालकाचा पगार तर कुणीच धरत न्हाई. आणि सगळ्यात मोठी गोष्ट उधारी. कागदावर नफा दिसतो आणि शनिवारी पगाराला पैसे नसतात ह्याला काय म्हणायचं? पार्टी बिल घेऊन साठ-नव्वद दिवस लावती. कायदा आहे, लहान उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा, २००६ चा, लेखी करार काय पण असू दे, आपल्यासारख्या लहान उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायलाच पाहिजेत, आणि २०२३-२४ पासनं इन्कमटॅक्समध्ये पण आलंय की मुदतीत पैसे दिले न्हाईत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत न्हाई. त्यानं थोडा फरक पडला. पण गिऱ्हाईक तुटंल म्हणून कायद्याचं नाव कोण काढत न्हाई. हे पोरांना माहीत पाहिजे, शुम्पीटर नंतर बघू.

---

ईसेलवाली

दादा, कॉस्टिंग आणि उधारीचं सोळा आणे पटलं. शिकवताच येत नाही हे मात्र नाही पटलं. मी ई-सेलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या उद्योजकता कक्षात, इंजिनिअरिंगच्या पोरांबरोबर हेच काम करते म्हणून सांगते.

सरांनी मॅक्लेलंडचं नाव घेतलंय. या माणसानं नुसता सिद्धांत मांडून सोडला नाही, १९६४ च्या सुमारास आंध्रात काकीनाड्याच्या छोट्या व्यापारी-कारखानदारांना ट्रेनिंग दिलं आणि नंतर त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ट्रेनिंग घेतलेल्यांनी न घेतलेल्यांच्या तुलनेत जास्त नवे उद्योग काढले, जास्त पैसे गुंतवले, जास्त माणसं कामाला लावली. आपल्याकडं पुढं उद्योजकता विकासाचे जे सरकारी कोर्स आले त्यांची एक मुळी तिथं आहे. आपली पोरं त्याच्यावर चार मार्कांची टीप लिहून येतात आणि काकीनाडा हे नाव त्यांनी ऐकलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं, कारण आपल्याच देशातली गोष्ट आहे.

आता करून काय घ्यायचं. स्टॅनफर्डला टीना सीलिग म्हणून बाई शिकवतात, त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. प्रत्येक टीमला पाकिटात पाच डॉलर द्यायचे, विचार करायला हवा तेवढा वेळ घ्या पण पाकीट फोडलं की दोन तासांत पैसे वाढवून दाखवायचे आणि नंतर वर्गापुढं तीन मिनिटं बोलायचं. काही टीमनी पाच डॉलरला हातच लावला नाही, कारण त्या पैशांकडं बघत बसलं की विचार तेवढ्यातच अडकतो. एका टीमनं गर्दीच्या हॉटेलांत टेबलं बुक करून ठेवली आणि वाट बघून कंटाळलेल्या लोकांना ती विकली, एकीनं सायकलच्या टायरची हवा तपासून द्यायला सुरुवात केली. सगळ्यात जास्त कमावलं त्या टीमनं तर ती तीन मिनिटंच विकली, एका कंपनीला ती पोरं नोकरीला हवी होती, त्या कंपनीची जाहिरात वर्गापुढं करायची आणि त्याचे साडेसहाशे डॉलर घ्यायचे.

हे आपल्याकडं जसंच्या तसं करू नका. इथं शंभर रुपये दिले की पहिल्या वर्षी सगळे भेळ नाहीतर सरबताचा स्टॉल लावणार, तोही कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, आणि गिऱ्हाईक म्हणजे आपलेच मित्र आणि मॅडम. म्हणून मी एकच अट घालते, ओळखीच्या माणसाला विकायचं नाही. या एका अटीनं सगळं बदलतं, पोरं घामाघूम होतात पण पहिल्यांदा अनोळखी माणसाकडनं नकार ऐकतात आणि तो ऐकून परत त्याच गल्लीत जातात.

आणि प्रश्न कसे विचारायचे हे आधी शिकवा. आपल्या भागात तोंडावर नाही कोण म्हणत नाही. तुम्ही आमची वस्तू घ्याल का विचारलं तर माणूस चहा पाजून लै भारी म्हणून पाठवतो, पोरं खुश होऊन येतात आणि माल आणला की एकजण घेत नाही. म्हणून पुढं काय कराल हे विचारायचंच नाही, मागं काय केलं ते विचारायचं. शेवटची अडचण कधी आली, तेव्हा काय केलंत, किती रुपये गेले, कुणाला फोन केलात. आणि आपल्या वस्तूचं नावसुद्धा काढायचं नाही त्या पहिल्या भेटीत.

रिस्कचं तुम्ही विचारलंत त्याच्यावर सारस सरस्वती या संशोधक बाईंचं काम आहे, २००१ चं. अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमनच्या विद्यार्थिनी त्या. त्यांनी २७ मुरलेल्या उद्योजकांना एकच काल्पनिक प्रॉडक्ट देऊन तुम्ही काय कराल ते बोलत बोलत सोडवायला लावलं. ही माणसं नफ्याचा अंदाज काढून मग उडी मारणारी निघाली नाहीत. माझ्या हातात आत्ता काय आहे, मी कुणाला ओळखतो, आणि यात गेलं तर किती गेलेलं मला झेपेल, असं त्यांचं चालतं. तेव्हा सर, पोराला रिस्क घे असं सांगूच नका, किती गेलेलं तुझ्या घराला झेपेल तो आकडा लिही म्हणा, आणि तो आकडा शून्य असला तरी चालेल. शून्यात सुरू होणारी कामं लै आहेत, आपल्या श्रमाची, ओळखीची, दुसऱ्याच्या न विकलेल्या मालाची.

---

सुभाषनगरची

दुसऱ्याच्या न विकलेल्या मालाची हे वाचून थांबले, ताई, त्याच्यावर बोलायचंय.

आमच्या घरात चपलेचं काम आहे, वडील आणि चुलते दोघंही करतात, मी विक्रीचं आणि ऑनलाइनचं बघते. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपले चार आणि कर्नाटकचे चार असे आठ जिल्हे त्यात आहेत. मग जून २०२५ ला मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं आपल्यासारख्याच चपला दाखवल्या आणि सगळीकडं चर्चा झाली, आणि तेव्हापासनं कॉलेजच्या पोरांचे ग्रुप आमच्या गल्लीत यायला लागले. सगळ्यांची आयडिया एकच, ताई तुमच्या चपला आम्ही इन्स्टावर विकतो, तुम्ही फक्त माल द्या, विकला की पैसे देतो.

चांगली पोरं असतात, त्यांचा हेतू वाईट नसतो. पण हिशोब बघा. एक जोड हातानं करायला कातडं आणायचं, भिजवायचं, तळ जोडायचा, शिवायचं, वेणी घालायची, आणि ते कातडं बाभळीची साल, हिरडा यांनी कमावलेलं असतं, ते महाग पडतं. माल पोरं घेऊन जाणार, साइज चुकला म्हणून परत येणार कारण हातानं केलेल्या चपलेत थोडा फरक असतोच, परत येईपर्यंत गिऱ्हाइकानं घरभर घालून बघितलेली असती, पावसात पार्सल भिजलं तर जोड गेलाच. हा सगळा तोटा कारागिराचा. पोराच्या वहीत लिहिलेलं असतं गुंतवणूक शून्य, धोका शून्य. अहो शून्य कसं, माझ्या वडिलांचे चार दिवस गेले त्यात.

तेव्हा सर, किती गेलेलं झेपेल तो आकडा लिहायला लावाल तेव्हा शेजारी अजून एक रकाना ठेवा, आपण फसलो तर अजून कुणाचं किती जातंय. आणि कारागिराकडनं माल घ्यायचा असेल तर एक जोड का असेना, रोखीनं घ्यायचा. एक जोड स्वतःच्या पैशानं घेतलेलं पोरगं त्याचे फोटो वेगळे काढतं, पावलाचं माप सेंटीमीटरमध्ये विचारतं, पाय कागदावर ठेवून पेनानं आखून पाठवा म्हणतं. परत येणाऱ्या चपला त्यानंच कमी होतात, आम्ही हेच करतो.

---

निवृत्त_बँकवाला

ताईंनी फार महत्त्वाचं लिहिलंय. माझं आयुष्य कर्जाच्या फायली बघण्यात गेलं, त्यावरून थोडं.

सर, या कोर्समध्ये कर्ज कसं मिळवायचं हे शेवटी शिकवा, सुरुवातीला अजिबात नको. मुद्रा योजना २०१५ पासून आहे, शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत, हे पोरांना पाठ असतं. त्या ५० हजारांत काय आणणार आणि हप्ता कुठल्या विक्रीतून भरणार हे विचारलं की गप्प. विसाव्या वर्षी हप्ता थकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, बिघडतो आणि पुढं घराला, ट्रॅक्टरला कर्ज मागायला गेलं की ते आडवं येतं.

अनुदानाचंही तसंच. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगार योजनेत वर्ग आणि ठिकाण बघून प्रकल्पाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान आहे, राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम जिल्हा उद्योग केंद्रातून चालतो. योजना चांगल्या आहेत. पण पीएमईजीपीचं अनुदान हातात मिळत नाही, ते बँकेत तुमच्या नावावर तीन वर्षं बाजूला ठेवलेलं असतं आणि युनिट चालू असेल तरच कर्जात वळतं होतं. अनुदानासाठी धंदा काढलेली माणसं मी बघितली आहेत, त्यांच्या घरी वसुलीला गेलोय, म्हणून कळवळून सांगतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आहे आणि पूर्ण मोफत आहे, त्यासाठी नेट कॅफेत पैसे मागितले तर देऊ नका हे पोरांना आवर्जून सांगा. खाण्याचं काही विकणार असतील तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी. यूपीआयचा क्यूआर धंद्याचा वेगळा, घरचा वेगळा. आणि दोघं-तिघं मित्र मिळून करणार असतील तर पहिल्याच आठवड्यात एका कागदावर लिहून सह्या, कुणी किती पैसे घातले, कोण किती वेळ देणार, एकाला नोकरी लागली तर त्याचं काय. दोस्ती याच्यावरूनच तुटते, तोटा झाल्यावर नव्हे तर चार पैसे दिसायला लागल्यावर.

---

शाहूपुरीचा_मास्तर

एवढं सगळं लिहिलंत, मनापासून आभार. सुभाषनगरच्या ताईंचा रकाना तर मी उद्याच तक्त्यात घालतो, तो माझ्या ध्यानातही आला नव्हता.

आता अजून दोन अडचणी. साठ पोरं म्हणजे पंधरा टीम धरल्या तरी मार्क कशावर द्यायचे? नफ्यावर दिले तर ज्याच्या बापाचं दुकान आहे तो पहिला येणार. आणि बऱ्याच पोरींना घरनं बाजारात फिरायची परवानगी नसते, शेवटची एसटी गाठायची असते, त्यांनी गिऱ्हाईक कुठं शोधायचं?

---

गुऱ्हाळाकडचा

सर नमस्कार, मी पण इथल्याच कॉलेजातनं बीकॉम केलं, आता गुळाचंच बघतो. आमच्या वेळी एका सरांनी मार्क कसे दिले ते सांगतो, कारण त्याचा मला अजून उपयोग होतो.

त्यांनी नफ्याला मार्कच ठेवले नव्हते. एक वही घालायची, त्यात रोज कुणाशी बोललो, त्यानं काय सांगितलं त्याच्याच शब्दांत, आणि त्यावरून आपण काय बदललं. दुसऱ्या बाजूला रोजकीर्द, रुपया आला रुपया गेला. शेवटी तोंडी परीक्षा, सर वहीतलं कुठलंही पान उघडायचे आणि विचारायचे की ह्या माणसानं हे सांगितल्यावर तुम्ही पुढच्या आठवड्यात तेच का केलं? खोटं लिहिणारा तिथंच सापडायचा, कारण बनवून लिहिलेल्या वहीत सगळी माणसं एकसारखंच बोलतात.

आमच्या ग्रुपचं सांगतो. आम्ही ठरवलं गूळ पावडर पॅक करून विकायची, कोल्हापुरी गुळाला २०१४ ला जीआय मिळालेलं, नाव आहेच, मग काय. राजारामपुरीत दारोदार बोललो तर बायकांनी सांगितलं की पावडर नको, आम्हाला कळत नाही त्यात काय मिसळलंय, एक किलोची भेली दिसती तरी. म्हणजे आमची आयडिया तिथंच गेली. मग गुळाच्या चहाच्या गाड्यांवर गेलो तर तिथं वेगळंच निघालं. त्यांची कटकट एकच, चहा फाटतो. उकळत्या दुधात गूळ पडला की फाटतो म्हणून ते खाली उतरवून गूळ घालतात, तरी एखाद्या लॉटला फाटतोच आणि अख्खं पातेलं ओतायला लागतं. एका पातेल्याचं दूध किती रुपयांचं ते त्यांनी तोंडपाठ सांगितलं, किमतीचा अंदाज आम्हाला तिथंच मिळाला. आम्ही तीन-चार गुऱ्हाळांचे नमुने घेऊन गाड्यांवर चहा करून बघितला, एका गुऱ्हाळाचा गूळ बऱ्यापैकी टिकला, मग त्याच गुऱ्हाळाचा, त्याच गुळव्याच्या हातचा गूळ लॉट लिहून पोचवायला लागलो. लै मोठं काय झालं नाही त्या वर्षी, गुऱ्हाळाचा सीझन संपला, पावसाळ्यात गुळाला पाणी सुटलं आणि साठवायला जागा नव्हती. पण मी आज जे करतो ते तिथनंच आलंय.

पोरींचं सांगतो. आमच्या वर्गातल्या राधानगरीकडच्या तिघींनी बाजारात न जाता गावातच काम केलं. गिऱ्हाईक म्हणजे दूध घालायला डेअरीवर सकाळ-संध्याकाळ येणारी माणसं. संकलन केंद्रावर अख्खं गाव येतं, तिथं उभं राहायला घरच्यांची ना नसते आणि पशुखाद्यापासून डॉक्टरच्या फीपर्यंत सगळ्या कटकटी तिथं आपोआप ऐकू येतात. त्यांची वही सगळ्यात भरलेली होती. म्हणून गिऱ्हाईक शोधायला सगळ्यांना महाद्वार रोडला पाठवू नका, ज्याच्या त्याच्या गावाची डेअरी, सोसायटी, शाळा, एसटी स्टँड लिहून घ्या.

---

ईसेलवाली

वहीची कल्पना मी उचलतेय. फक्त एक भर, साठ वह्या एकट्यानं वाचू नका सर, दर आठवड्याला दोन टीमनी एकमेकींची वही वाचून प्रश्न काढायचे. आणि सेमिस्टरच्या मध्यावर एखाद्या टीमनं गिऱ्हाइकाशी बोलून हे चालणार नाही, आम्ही बंद करतोय असं पुराव्यानिशी सांगितलं तर तिला पूर्ण मार्क द्या. हे पहिल्याच दिवशी वर्गात जाहीर करा, नाहीतर पोरं मेलेली आयडिया शेवटपर्यंत ओढतात.

---

उद्यमनगर_टर्नर

ताई, काकीनाड्याचं माहीत नव्हतं, वाचून बरं वाटलं. शिकवता येत न्हाई हे मी आता एवढ्या जोरात म्हणणार न्हाई, पण वर्गाबाहेर न नेता येत न्हाई एवढं तरी माझं धरा.

सर, तुमच्या पंधरा टीमपैकी तीन-चार माझ्याकडं पाठवा. कॉस्टिंगला एक खरा जॉब, म्हणजे मशीनवर करायचा पार्ट, देतो, ड्रॉइंग देतो, मशीनवर वेळ मोजू दे, त्यांनी रेट काढायचा आणि मी लावलेला रेट नंतर दाखवतो, फरक कुठं पडला ते बसून बघू. शेजारी फौंड्रीवाले आणि पॅटर्नवाले आहेत, त्यांना पण विचारतो. फक्त येताना आदल्या दिवशी फोन करा, दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर आणा, आणि सगळ्यांना बूट घालून यायला सांगा, चप्पल चालणार न्हाई, खाली धातूच्या चिप्स पडलेल्या असतात. पोरींनी ओढणी घालू नये, घातलीच तर पिनअप करून, मशीनजवळ उभं राहायचंय.